कोशिंबिरीत काय काय घातलंय?

हीथ्रोला उतरलो तेव्हा माझा सगळा जीव एका स्टीलच्या डब्यात अडकला होता. डब्यात दाण्याचं कूट होतं. "तिकडचे दाणे खवट निघाले तर?" म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आमच्या हिने दाणे भाजून, कुटून डबा गच्च भरला होता. कस्टमवाल्याने उघडायला लावलं तर काय सांगायचं, याची इंग्रजी वाक्यं मी विमानात घोकत बसलो होतो. प्रत्यक्षात 'जाहीर करण्यासारखं काही नाही' अशा हिरव्या पाटीखालून बाहेर आलो, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी कऱ्हाडजवळच्या जिल्हा परिषद शाळेतला निवृत्त गुरुजी. आयुष्यभर शिकवणं हा धंदा आणि काळजी करणं हा जोडधंदा.

कॉव्हेंट्रीपर्यंतच्या बसप्रवासात दोन्ही बाजूंना पिवळीजर्द शेतं होती, मधूनच हिरव्या उतारावर मेंढ्या. पाहावं तिकडे चित्र! पण माझं लक्ष चित्रात नव्हतं. माझी नात इरा हिने मला कामासाठी बोलावलं होतं, आणि ते जमेल का याचीच धास्ती होती. ती तिथल्या युनित (युनिव्हर्सिटीला तिकडे सगळे एवढंच म्हणतात) दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या गटातली सहा मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत मलावीतल्या एका खेड्यात, प्राथमिक शाळेत शिकवायला जाणार होती. त्या शाळेत एका वर्गात नव्वद मुलं, आणि पुस्तक चौघांत एक.

"आजोबा, तुम्ही फक्त खडू आणि फळावर शिकवलात ना?" ती फोनवर म्हणाली होती. "आम्हाला शिकवा. आम्हाला स्क्रीनशिवाय काहीच येत नाही. आय अ‍ॅम सो स्केअर्ड." तिचं मराठी असं लंगडतं, पण चालतं मात्र हौसेने.

दुसऱ्या दिवशी युनितल्या एका खोलीत आमचा वर्ग भरला. गटाची प्रमुख ग्रेस नावाची बाई. ती मूळची त्याच खेड्यातली, तिथल्याच शाळेत आधी शिकवणारी, आणि आता पुढच्या शिक्षणासाठी इथे आलेली. तिने उठून माझ्याशी हात मिळवला तेव्हा तिच्या बोटांना खडू लागलेला होता. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मी मुलांना आमची जुनी युक्ती दाखवली. एका खोलीत तीन इयत्ता असल्या की एका गटाला जमिनीवर खडूने लिहायला बसवायचं, दुसऱ्याला खडे मोजायला लावायचं, आणि आपण तिसऱ्याजवळ बसायचं. दर गटाला एक नायक. मग प्रत्येकाने उठून शिकवून दाखवलं. इरा घाईघाईने बोलली, एक उंच मुलगा नुसताच ओरडला. शेवटी बेथन उठली. वेल्समधली, बारीक चणीची, इतकी लाजाळू की तोवर तिचा आवाजच कुणी ऐकला नव्हता. गोंधळ वाढला तसा तिने आवाज आणखी खाली आणला. तिचं ऐकू यावं म्हणून सगळे आपोआप गप्प झाले. अहो, हे शिकायला मला दहा वर्षं लागली होती!

"ही जन्मजात मास्तरीण आहे," मी ग्रेसला म्हणालो. बेथन कानापर्यंत लाल झाली. तेव्हापासून ती मला 'गुरुजी' म्हणू लागली आणि रोज काहीतरी विचारायला येऊ लागली. पहिलीतल्या मुलाला शून्य कसं समजावायचं? रडणाऱ्या मुलाला वर्गात ठेवायचं की बाहेर न्यायचं? लहानपणापासून तिला एवढं एकच व्हायचं होतं, असं तिने मला एकदा सांगितलं.

शनिवारी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये शाळेच्या मदतीसाठी जेवण ठेवलं होतं. प्रत्येकाने एक पदार्थ करून न्यायचा. मला येतं काय, तर काकडीची कोशिंबीर. पहाटे उठून केली, आणि ते मोठं भांडं मांडीवर धरून दोन गाड्या बदलत लेस्टरला नेलं. न्यूनीटनला फलाट बदलताना दही सांडेल म्हणून जीव नुसता मुठीत. लेस्टरच्या रस्त्यावर साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, गुजरातीतून चाललेल्या गप्पा, पण मला भांड्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

हॉलमध्ये प्रत्येक पदार्थापुढे एक कार्ड ठेवायचं होतं. त्यात काय काय आहे ते लिहायचं, असा इथला शिरस्ता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: काकडी, दही, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, साखर, मीठ. साखरसुद्धा विसरलो नाही म्हणून स्वतःवर खूशही झालो.

बेथन ताटली घेऊन आली. तिने कार्ड वाचलं. तरीही विचारलं, "गुरुजी, यात काय काय आहे?"

मी बोटांवर मोजून सगळं पुन्हा सांगितलं. तिने दोन चमचे वाढून घेतले.

पाच मिनिटं झाली असतील. ती घसा चोळायला लागली. ओठ सुजले, चेहऱ्यावर लाल चट्टे उठले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तिने पिशवीकडे बोट दाखवलं. इराने पिशवी उपडी केली, त्यातून अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनचं एक पेन निघालं, आणि माझ्या नातीने ते तिच्या मांडीत खुपसलं. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करत होतं. मी तिथेच उभा होतो, हातात वाढायचा चमचा तसाच.

"पीनट्स," बेथन कसंबसं म्हणाली. "इज देअर..."

इराने माझ्याकडे पाहिलं. "आजोबा. आजीचं कूट घातलं का तुम्ही?"

"अगं, ते तर असतंच!" मी बोलून गेलो. मग माझंच कार्ड पुन्हा वाचलं. कूट त्यात नव्हतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. मी देवाला म्हणालो, माझं काय वाटेल ते कर, पण त्या पोरीचा श्वास परत दे. परक्या आईबापाची पोर. तिच्या आईला मी काय तोंड दाखवणार होतो? इरा माझ्या शेजारी बसून माझा हात घट्ट धरून होती. "आजोबा, तुम्ही मुद्दाम केला नाही," ती सारखी म्हणत होती. पण जीव जायला मुद्दाम लागतं कुठे?

संध्याकाळी नर्स येऊन म्हणाली, ती ठीक आहे, भेटू शकता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाजलो नाही.

बेथन उशीला टेकून बसली होती, ओठ अजून सुजलेले. ग्रेस तिच्या पायथ्याशी उभी होती. मी हात जोडले.

"गुरुजी, चूक माझीपण आहे," बेथन म्हणाली. "मी नाव घेऊन विचारायला हवं होतं. पण मग सगळ्यांना कळलं असतं."

"फॉर्मवर अ‍ॅलर्जीपुढे तू 'नाही' लिहिलं होतंस," ग्रेस म्हणाली. रागाने नव्हे, दमल्यासारखी. "का?"

"तुम्ही मला नेलं नसतं."

ग्रेसने खुर्ची ओढली. "आमच्याकडे न्सिंजिरो असतं (म्हणजे आपलं दाण्याचंच कूट). पालेभाजीत घालतात, घरोघरी. आणि शाळेपासून मोठं हॉस्पिटल काही तासांवर आहे, तेही रस्ता चांगला असेल तर."

"मी विचारेन," बेथन म्हणाली. "प्रत्येक घासाआधी विचारेन. सहाच आठवडे तर आहेत. गुरुजी, तुम्ही सांगा ना त्यांना."

ग्रेस माझ्याकडे वळली. "तुम्ही इतकी वर्षं मुलं सांभाळलीत. तुम्ही काय केलं असतं?"

अख्ख्या प्रवासात मला या प्रश्नाइतकी कशाचीच भीती वाटली नव्हती. ज्याने तिच्या ताटात विष वाढलं त्यानेच तिचं स्वप्नही मोडायचं? पण मास्तराला सोपं उत्तर देऊन सुटता येत नाही.

"मी पाठवलं नसतं," मी म्हणालो.

बेथनने भिंतीकडे तोंड फिरवलं. ग्रेसने तिचं नाव यादीतून काढलं, आणि त्यानंतर ती मला काही विचारायला आली नाही.

परतीच्या दिवशी ती इराबरोबर कॉव्हेंट्रीच्या बसथांब्यावर आली. मला अपेक्षा नव्हती. तिने इराच्या हातात एक पिशवी दिली: पुठ्ठ्याची अंकांची कार्डं आणि निवडून गोळा केलेले गुळगुळीत खडे. "पहिल्या वर्गासाठी," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मी विचारलं असतं, गुरुजी. खरंच विचारलं असतं." तेच ते तिचं खालच्या आवाजातलं बोलणं. मी मान हलवली. विमानात मला अन्न गोड लागलं नाही. त्या नव्वद मुलांची एक चांगली मास्तरीण मी हिरावून घेतली, हेच डोक्यात.

घरी आलो. रिकामा डबा हिने घासून फळीवर ठेवला. मी कोशिंबीर खाईना, तेव्हा तिने कारण विचारलं नाही. इराने फोनवर सगळं सांगितलं असणार.

महिन्याभराने इराचा मलावीहून आवाजी निरोप आला. मागे मुलांचा कल्ला चालला होता.

"आजोबा, आज पहिला दिवस! बेथनचे खडे सगळ्यांना आवडला. ऐका ना, दुपारी शाळेत जेवायला पालेभाजी दिली. मी त्या मावशींना विचारलं, यात काय काय आहे? त्या इतक्या प्रेमाने सांगितल्या, पाला, टोमॅटो, कांदा, मीठ. बोटांवर मोजून, तुमच्यासारखंच. मग मी खाल्ली. आजोबा, कूट होतं. खूप होतं. मी म्हटलं, तुम्ही हे का नाही सांगितलं? तर त्या हसल्या. म्हणाल्या, ते तर असतंच."