आईचा पट्टा सोडवणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या आमच्या शहराच्या यिशुन भागातल्या एका नर्सिंग होमच्या फरशीवर, माझ्या आईच्या पायांशी बसल्या होत्या. आई पुन्हा पडल्याचा फोन आला म्हणून मी बँकेतून तशीच निघाले होते. पाहते तर आई खुर्चीत, आणि तिच्या कमरेभोवती रुंद कापडी पट्टा, मागे घट्ट बांधलेला. आपल्या आईला बांधलेले पाहण्याची वेळ येईल, असे कधी मनातही आले नव्हते. तेवढ्यात या अनोळखी बाईंनी आईच्या तळपायावरून बोट फिरवले, ते नाकाशी नेले आणि स्वच्छ मराठीत मला विचारले, "खोबरेल कोण लावतं?"

वसुधाताई फिजिओथेरपिस्ट. नोव्हेना भागातले स्वतःचे क्लिनिक सांभाळून त्या दर आठवड्याला इथल्या वृद्धांसाठी विनामूल्य येत.

खोबरेल बाबा लावत. जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटवरून ते रोज दुपारी एमआरटी मेट्रोने येत आणि काशाच्या वाटीने आईचे तळपाय घासून देत. त्याने तिला शांत वाटते, अशी त्यांची खात्री. मग ते चहाला जवळच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर जात. त्यांना शोधायला आई अनवाणी उठे आणि गुळगुळीत फरशीवर घसरे. "आंटी व्हेरी स्टबर्न लाह," एवढेच नर्सचे निदान होते.

बांधून ठेवले तर पाय आणखी दुबळे होतील, हे ताईंनी तिथल्या मुख्य नर्सना, मेट्रनना, समजावले. पट्टा सुटला, पण आई पुन्हा पडली तर तो कायमचा, असे मेट्रननी बजावले.

बाबांना मी हळूहळू सांगणार होते. ते येताच ताईंनी सांगून टाकले, "काका, काकू तुमच्या तेलावरून घसरतात."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मीच पाडतो तिला?"

"हो. आता चालवायचंही तुम्हीच. हात धरून, रोज."

बाहेर आल्यावर मी ताईंना, इतके रोखठोक बोलायला हवे होते का, असे विचारले. गोड बोलले असते तर काकांनी उद्या लपून तेल लावले असते, असे त्या म्हणाल्या. डायरीत मी त्यांना निष्ठुर लिहिले. तो शब्द पुढे खोडला, तरी हेच मऊपणे सांगता आले असते का, हा प्रश्न मला अजून पडतो. बाबांचा स्वभाव आठवला की ताईंचेच बरोबर वाटते.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक बंद ठेवून ताई आल्या. येताना आईसाठी न घसरणारे बूट घेऊन आल्या. बाबांनी आईचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आईसुद्धा हादरली.

"अहो, लोक बघताहेत."

"बघू देत. पडलीस तर बांधतील तुला."

पट्टा पुन्हा बांधावा लागला नाही. आई शेवटपर्यंत मोकळी वावरली. पुढे त्या होममध्ये कोणी पडले, की पट्ट्याआधी पाय आणि चपला तपासण्याची पद्धत ताईंनी पाडली.

आता ताईच साठीच्या झाल्या आहेत. परवा आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्या उंच टाचांच्या सँडल घालून जिना धावत उतरताना दिसल्या, आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभावे आणि ते सारे त्यांनी स्वतःच्या पायांवर जगावे, ही मनापासून इच्छा. त्यासाठी त्यांना खडसावण्याचे काम आता आपल्या सगळ्यांकडे आले आहे. सुरुवात मी करते : ताई, त्या सँडल टाकून द्या.