बाबांच्या हातात कुठला रिमोट

आमच्या घरातला व्हिडिओ गेम पांढरा, वजनाला हलका आणि कुठल्या तरी परदेशी यंत्राची नक्कल होता. आत्याच्या घरातला काळा, जड आणि अस्सल होता, कारण तो तिच्या दिरांनी मस्कतहून आणला होता. आम्ही कारेलीबागेत राहायचो आणि आत्या फतेगंजला. तिचा मुलगा माझ्याच वयाचा. शाळेतल्या सगळ्या सुट्ट्या आम्ही सायकलवरून या घरातून त्या घरात करण्यात घालवल्या, आणि दोन्ही घरांत भांडण एकच असायचं: कुणाचा गेम चांगला?

माझी कॅसेट त्याच्या यंत्रात बसायची नाही, त्याची माझ्यात. त्यामुळे काही उसनं मागायची सोयच नव्हती. त्याच्याकडे आवाज दणकट, रंग गडद, रिमोटला तीन बटणं. माझ्याकडे दोनच बटणं, पण एका कॅसेटीत इतके खेळ भरलेले असायचे की यादी संपता संपायची नाही. त्यातले निम्मे तेच ते असायचे, नुसती नावं बदललेली, पण हे मी त्याला कधी कबूल केलं नाही.

बाबा रिफायनरीत ऑपरेटर होते. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरले की घरात येऊन एकदा टीव्हीकडे बघायचे आणि हातपाय धुवायला जायचे. एकदा मी त्यांना खेळायला बोलावलं तर म्हणाले, दिवसभर पॅनलसमोर बसून आलोय, घरी येऊन परत बटणं कोण दाबणार?

पुढे आम्ही दोघं मोठे झालो, पण भांडण लहानच राहिलं. सीडीचे गेम आले, मग हातात धरून हवेत हलवायच्या रिमोटचे आले. प्रत्येक पिढीत तो एका कंपनीकडे आणि मी दुसरीकडे. त्याला चित्र खरं दिसायला हवं असायचं. टीव्हीवरची मोटार ओल्या रस्त्यावरून गेली की पाण्यात दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं का, हे तो वाकून बघायचा. मला चित्राचं फारसं काही नव्हतं. खेळ हातात बसला पाहिजे, घरातल्या कुणालाही उचलून खेळता आला पाहिजे, असं माझं म्हणणं. त्याचा एसी दुरुस्तीचा धंदा चांगला चालला होता आणि मी विमा कंपनीत चिकटलो होतो. दिवाळीला भेटलो की बायका म्हणायच्या, झालं यांचं सुरू.

मग एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून रेझर पडला. त्यांनी तो उचलायला हात नेला आणि हात तिथपर्यंत पोचलाच नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालता येत होतं, बोलणं थोडं जड झालं होतं, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा आणि त्याला काही लागलं तरी त्यांना फारसं कळायचं नाही.

हाताच्या व्यायामासाठी जवळच्या पादरा गावाहून एक गुजराती मुलगी यायची. फिजिओथेरपी शिकलेली, शांत, बोलायला गोड. तिनं स्पंजचा चेंडू दिला, ताटलीतले राजमे एकेक उचलून वाटीत टाकायला सांगितले. ती असेपर्यंत बाबा करायचे. ती गेली की चेंडू गादीवर आणि राजमे ताटलीत. आई मागे लागली तर तोंड भिंतीकडे करायचे. आयुष्यभर कामाशिवाय न बसलेल्या माणसाला राजमे उचलणं हे काम वाटत नव्हतं, आणि त्यात त्यांची काय चूक, असंही मला वाटायचं.

एका रविवारी आतेभाऊ त्याचं नवंकोरं यंत्र पिशवीत घालून आला. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, मामांना हे खेळवून बघू. मला ते पटलं नाही. ज्यांनी धडधाकट असताना हात लावला नाही, ते आता काय लावणार? पण त्यानं वायरी जोडल्या, बाबांच्या दोन्ही हातांत रिमोट दिला आणि मोटारींची शर्यत लावली.

चित्र इतकं खरं होतं की बाबांना गरगरायला लागलं. बटणंही फार, खाली, वर, बाजूला, मागे. मोटार भिंतीवर जाऊन आदळली आणि बाबांनी डोळे मिटले. मी यंत्र बंद करायला उठलो. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मोटार आदळली की तो रिमोट हातात थरथरतो.

"हे हललं," बाबा म्हणाले. "मला कळलं."

आतेभावानं बाबांच्या हातांवरून रिमोट धरून हळूच ती मोटार परत भिंतीवर नेऊन आदळली. मग आणखी एकदा. आई दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी माझं यंत्र काढलं. त्यात छडीसारखा रिमोट हवेत फिरवला की पडद्यावर चेंडू घरंगळत जातो आणि बाटल्या पडतात. हे बाबांना लगेच जमलं. सगळ्या बाटल्या पडल्या तेव्हा यंत्रातून टाळ्या वाजल्या, आईनंसुद्धा वाजवल्या आणि मी आतेभावाला फोन करून सांगितलं. पण पादऱ्याच्या मुलीनं आल्यावर थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि मान हलवली.

"काका, खभाथी नहीं, आंगळीथी," ती म्हणाली.

खांद्यानं नको, बोटांनी. तिचं बरोबर होतं. बाबा सगळा हात खांद्यातून झटकत होते आणि यंत्र तेवढ्यावर खूश होत होतं. मनगट आणि बोटं झोपलेलीच. तिनं आम्हाला समजावलं की अंगठ्याला काम हवं, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा.

हे माझ्या लेकीनं ऐकलं. ती कॉलेजात जाते. येताना मंगळबाजारातून ती एक खोकं घेऊन आली. आत आमचा लहानपणीचाच पांढरा गेम होता. अजून बनतो, अजून विकला जातो, हे मला माहीतच नव्हतं. तोच हलका रिमोट, डाव्या अंगठ्याला फुलीसारखं बटण, उजव्या अंगठ्याला दोन. डाव्या हातानं माणूस चालवायचा आणि खड्डा आला की उजव्या अंगठ्यानं उडी मारायची.

बाबांचा माणूस पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा सुरुवात. पुन्हा पडला. त्यांना समोर खड्डा दिसत होता, केव्हा दाबायचं तेही कळत होतं, पण निरोप अंगठ्यापर्यंत उशिरा पोचत होता. मला बघवेना, म्हणून मी आत गेलो. बाहेरून ती माणूस पडल्याची धून ऐकू येत राहिली. मात्र रिमोट खाली ठेवल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की बाबा टीव्हीसमोर बसायला लागले. राजमे उचलता आले नाहीत की वाईट वाटायचं, लेकीला ते म्हणाले, इथं पडलो तरी ते परत उभं करतं, आणि कुणी शाबासकीही देत नाही. लेकीनं हे मला सांगितलं तेव्हा मला माझ्या टाळ्या वाजवणाऱ्या यंत्राची थोडी लाज वाटली.

अडचण एकच होती. त्या रिमोटचे कोपरे टोकदार, ते तळहातात रुतायचे, आणि बटणंही कडक. अंगठा लवकर थकायचा. हे आतेभावाला कळल्यावर त्यानं फतेगंजच्या घरचा माळा उपसला. त्याचं काळं यंत्र तिथे एका चादरीत गुंडाळलेलं होतं. त्यानं दुकानात बसून त्याच्या वायरी बदलल्या, नवीन अडॅप्टर लावला आणि ते चालू करून घेऊन आला. त्याचा रिमोट गोलसर, तळव्यात बसणारा, बटणं मऊ. पादऱ्याच्या मुलीनं दोन्ही रिमोट आपल्या अंगठ्यांनी दाबून पाहिले आणि काळ्याला पसंती दिली. आतेभावानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

आता दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीखाली शेजारी बसली. असं लहानपणी कधी झालं नव्हतं. थकवा नसेल तेव्हा बाबा पांढरं लावायचे, अंगठा दुखला की काळं. एकदा आम्ही सगळे शेव-उसळ खात बसलो होतो, तेव्हा आतेभावानं विचारलंच.

"मामा, आता तुम्हीच सांगा. कुठलं चांगलं?"

बाबांनी घास संपवला. बोलायला त्यांना वेळ लागायचा आणि आम्ही तो देत होतो.

"तुझा रिमोट चांगला," ते म्हणाले. "याचा खेळ चांगला."

"आणि माझं नवीन?"

"ते बघायला चांगलं."

लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

हात पूर्ण बरा झाला नाही. सही त्यांना डाव्या हातानं शिकावी लागली आणि ती अजून वाकडी येते. पण उन्हाळा सरता सरता त्यांनी सदऱ्याची खालची बटणं स्वतः लावली, वरची आईनं. चमचा तोंडापर्यंत सांडल्याशिवाय जायला लागला. पहिला खड्डा तर ते आता बोलता बोलता ओलांडतात.

पादऱ्याची मुलगी शेवटच्या दिवशी म्हणाली की आता मी आले नाही तरी चालेल, काका सगळं आपलं आपण करतात. आईनं तिच्या हातावर पेढे ठेवले. ती चपला घालत होती, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बेसो ने. एक डाव खेळून जा."

तिनं असला गेम कधी हातात धरला नव्हता. लाजत लाजत बसली. बाबांनी तिला पांढरा रिमोट दिला आणि पहिल्याच खड्ड्यात तिचा माणूस पडला. ती हसली. पुन्हा पडला. मग बाबा पुढे सरकले, आपला उजवा अंगठा सावकाश उचलून तिच्या बटणाजवळ नेला आणि म्हणाले, "घाई नको. काठापर्यंत जाऊ दे त्याला. आता."