रिलीव्हर आल्याशिवाय

बाबा गेल्यापासून माझी भावजय सोनोग्राफीचं नाव काढू देत नव्हती. तिला पाचवा महिना होता. बाबांच्या मेंदूतली नस फुटली तेव्हा घरात ती एकटीच होती. बाळाच्या डोक्यातही तसंच काही निघेल, ही भीती तिने धरली होती.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या कशा घडतात, हाच माझा अभ्यास. प्रयोगशाळेत माशांच्या पारदर्शक पिल्लांमध्ये मी त्या वाढताना पाहते. एका संध्याकाळी, पिंपळे गुरवच्या घरी मटार सोलताना, मी तिला सांगायला घेतलं. वाढता मेंदूच रक्तवाहिनीला बोलावणं पाठवतो. टोकाची पेशी पुढे सरकते आणि शेजारणीला बजावते, तू मागे राहा, नळी धर. नवी नळी आधी पाझरते. मग ती आधाराच्या पेशींना हाक मारते. त्या येऊन बाहेरून बिलगतात, आणि त्यांचा निरोप मिळाला की नळीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरतात.

"आणि हाक पोचलीच नाही तर?"

"तर नळी कच्ची राहते. पण ते क्वचित. बाबांची नस कच्ची नव्हती गं, बीपीने झिजली होती. डॉक्टरांनी सांगितलं ना?"

भाऊ चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून नुकताच आला होता. "म्हणजे बाबांचाच नियम की, ताई. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायची नाही."

बाबांनी कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर आयुष्य काढलं. पुढच्या शिफ्टच्या माणसाला मशीनची सगळी कुरकुर तोंडी सांगायचे, आणि तो "कळलं" म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

"मग तुझाच रिलीव्हर रोज बरा उशिरा येतो?" भावजय म्हणाली. "की वाटेत भजी खात बसतोस?"

महिनाभरात ती पहिल्यांदा हसली. मटारची टरफलं गोळा करत म्हणाली, "शनिवारी जाऊ या, ताई."

शनिवारी भावाचा रिलीव्हर खरंच आला नाही आणि तो मशीनवरच अडकला, म्हणून तिच्यासोबत मी आत गेले. त्या पडद्यावर माझ्या त्या बारीक नळ्या दिसत नाहीत, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी बाळाचं डोकं नीट मोजलं. वाढ चांगली आहे म्हणाल्या.

बाहेर येताच भावाचा फोन आला. तिने तो माझ्या हातातून घेतला. डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे ठोके, बाळाने मारलेली लाथ, सगळं क्रमाने सांगितलं. मग म्हणाली, "कळलं का?"

आणि तो "कळलं" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.