चिकटलेली पानं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं. आमच्या गावात तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं आणि माझी शाळा चौथीत सुटली. ती एक इयत्ता मला शारजात, अल नहदा नावाच्या वस्तीत येऊन नडली.

२००८ची दिवाळी जवळ आली होती. यांचा कारखाना शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टॉवरांना लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा. दुबईतले टॉवर थांबले, खिडक्या थांबल्या, मग पगार थांबला. आम्ही एका फ्लॅटमधली एक खोली घेऊन राहायचो. समोर पुण्याचं कुटुंब होतं. त्यातल्या वहिनी दुबईला ऑफिसात जायच्या आणि त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर माझ्याकडे असायची.

एकदा लिफ्टमध्ये वहिनी म्हणाल्या, "ताई, रोज अर्धा तास तिची फोनिक्सची प्रॅक्टिस घ्याल का? टीचर म्हणतात, व्हॉवेल्स कच्चे आहेत, वाचताना अडखळते. सांभाळण्याचे देतेच, याचे महिन्याला वेगळे दीडशे दिरहम, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये झाले. तीन महिन्यांचे आजच देते."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, हे मला फार पुढे कळलं; तेव्हा विचारताही आलं नाही. मी मान हलवली. ते साडेचारशे दिरहम त्याच आठवड्यात खोलीच्या भाड्यात गेले.

"यल्ला, चला मास्तरीणबाई, आता आम्हालाही शिकवा," हे म्हणाले. मला हसू आलं नाही.

दर रविवारी शाळेतून एक पातळ पुस्तक यायचं. सोबत एक कागद असायचा. मुलीला रोज एक मिनिट वाचायला लावायचं, किती शब्द झाले ते लिहायचं आणि सही करायची. मी घड्याळ समोर ठेवून बोटांवर शब्द मोजायचे. ती भराभरा म्हणायची. आमच्या शाळेत न अडखळता म्हणणाऱ्याचा पहिला नंबर यायचा, त्यामुळे मला वाटायचं, काय हुशार पोर आहे! आकडा रोज वाढायचा. खाली माझी मराठीत सही.

तीन महिने असेच गेले. एक दिवस तिने मुरांब्याच्या हातांनी पुस्तक धरलं आणि दोन पानं एकमेकांना चिकटली. तिने ती एकदमच उलटली. तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या विमानाकडे होतं. समोर कोंबडीचं चित्र होतं आणि ती कोल्ह्याचं म्हणत होती. कोल्ह्याचं पान चिकटून आत राहिलं होतं. मला अक्षरं येत नव्हती, पण कुठल्या चित्राला ती काय म्हणते ते रोज ऐकून मला माहीत झालं होतं. मी पुस्तक मिटलं. तिने उरलेलं सगळं तसंच म्हणून दाखवलं, मिटलेल्या पुस्तकावर. वर्गात सगळी मुलं एका सुरात म्हणत, ते तिने कानानेच उचललं होतं.

संध्याकाळी वहिनी आल्या. बूटही काढले नव्हते.

"वहिनी, मला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? थोडं तरी?"

"एबीसीडीसुद्धा धड नाही. ती वाचत नाही, पाठ म्हणते."

"मग तीन महिने सह्या कशाच्या केल्यात?"

मी ते चिकटलेलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"ताई, मार्चमध्ये रीडिंग टेस्ट आहे. नाही जमलं तर केजी टू परत. माझ्या ऑफिसात रोज कुणाला तरी घरी पाठवतायत. एका वर्षाची जादा फी कुठून आणू मी?"

"तुमचे पैसे मी परत करीन."

"आहेत का आत्ता?" त्या भिंतीला टेकल्या. रागवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

बिल्डिंगमधल्या ट्यूशनवाल्या बाई दुप्पट मागत होत्या. शुक्रवारी वहिनीच माझ्याकडे आल्या. कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून त्यांनी साठ चिठ्ठ्या केल्या होत्या. एकेकीवर एक शब्द, मधला स्वर लाल, मागे आकडा, चित्र कुठेच नाही. जुन्या मोबाइलवर त्याच क्रमाने त्यांचा आवाज भरलेला होता. "कान आहेत ना तुम्हाला? मग तुम्हीही शिका," त्या म्हणाल्या.

चपात्या लाटताना मी तो आवाज ऐकायचे. पेन आणि पिन ऐकून ऐकून डोकं दुखायचं. दुपारी मुलगी समोर बसायची. मी तिला बाराखडीसारखं म्हणायला लावलं. बॅ, बे, बि, बॉ, ब. मग शेवटी ग लावायचा. बॅग, बेग, बिग, बॉग, बग. नंतर चिठ्ठ्या पिसायच्या.

"मावशी, यू आर सो स्लो!"

"आहेच मी स्लो. सांग, हे काय आहे?"

"यू टेल."

"मला येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं, बाई?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखायची तिला सवय होती. माझ्या चेहऱ्यावर काहीच सापडायचं नाही, कारण मला खरंच येत नव्हतं. शेवटी ती चिठ्ठीकडे बघायची. एकेक आवाज सुटा काढायची, जोडायची, पुन्हा मोडायची. मग आम्ही मोबाइलवर तो आकडा ऐकायचो. बरोबर आलं तर चिठ्ठी वाटीत. कित्येक दिवस वाटीत चार-पाचच चिठ्ठ्या पडायच्या. कागदावर मी खरे आकडे लिहायला लागले. पूर्वी चाळीस असायचे, आता सहा. फेब्रुवारी संपता संपता एकदा वाटी भरली. दोघीही दमलो होतो.

मार्चमध्ये ती पास झाली. फार वरचा नंबर नाही, पण पहिलीत गेली.

वहिनी म्हणाल्या, "आता पैशाचं सोडा ताई."

त्या तीन महिन्यांत मी काही शिकवलं नव्हतं, म्हणून मी सोडलं नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बॅचलर लोकांना चपात्या द्यायला लागले, पाच दिरहमला दहा. पगार नव्हता तेव्हा हे स्वतः कणीक मळून द्यायचे. घरखर्चातून उरेल तसे मी कधी वीस, कधी तीस वहिनींच्या हातात ठेवायचे. वर्ष त्यातच गेलं.

शेवटची पन्नासची नोट दिली तेव्हा दार मुलीनेच उघडलं. तिने नोट उलटीपालटी केली आणि इंग्रजी बाजूवर बोट ठेवून, कुणी सांगितलं नसताना, सावकाश आवाज जोडले. "फि... फिफ्... फिफ्टी." मग आत ओरडली, "आई, मावशी गेव्ह फिफ्टी!"

वहिनी ओट्याजवळून म्हणाल्या, "बस ताई. खलास. सगळे आले."