बिनखुर्च्यांची रांग

इस्पितळाचं औषधांचं कोठार सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'रांगबाई' म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. अकरा वर्षं दर हिवाळ्यात त्या शाळेच्या मैदानावर औषधवाटपाची रंगीत तालीम घेत. साखरेच्या गोळ्या, खोटे रुग्ण, हातात घड्याळ. टेबलापाशी एकही खुर्ची ठेवू देत नसत. "खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि बसला की गुडघेदुखीपासून सुरुवात करतो," हा त्यांचा शोध. इस्पितळाचे मोठे डॉक्टर याला पोरखेळ म्हणत आणि अर्ध्यातून काढता पाय घेत.

मग टपाल छाटणी केंद्राच्या हवेत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पूड सापडली. आसपासच्या चाळीस हजार लोकांच्या पोटात दोन दिवसांत रोग रोखणारी गोळी जायला हवी होती. उशीर झाला तर ताप, मग धाप, आणि मग डॉक्टरांच्या हातातही फारसं उरलं नसतं.

मोठे डॉक्टर मैदानावर पोचले तेव्हा आठ टेबलांवर रांगा सरकत होत्या. तीन प्रश्न, गोळ्यांचं पाकीट, पुढचे या. ताप असलेले डावीकडे, रुग्णवाहिकेत. माणसामागे वीस सेकंद. डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली.

दुपारी बाईंसमोर त्यांचीच मुलगी उभी राहिली. ती केंद्रामागच्या गल्लीत राहायची.

"ताप?"

"कालपासून आहे, आई."

"गरोदर?"

"नाही."

"कुठल्या औषधाचा त्रास?"

पोटच्या पोरीचं हे आईला ठाऊक नव्हतं असं थोडंच. तरी विचारलं.

"नाही."

बाईंनी डावीकडे बोट दाखवलं.

डॉक्टर धावत आले. "बाई, तुम्ही जा तिच्याबरोबर. इथलं मी बघतो."

"तुम्हाला हे शिकायला अर्धा तास लागेल," बाई म्हणाल्या. "तालमीला थांबला असतात तर मी गेले असते. मी तिथे नुसती रडणार. तिला डॉक्टर हवाय. तुम्ही जा."

डॉक्टरांना आजवर कुणी असं सुनावलं नव्हतं. ते मुलीमागोमाग रुग्णवाहिकेत चढले.

मुलगी वाचली. औषध वेळेवर शिरेत गेलं म्हणून वाचली, असं डॉक्टर सांगतात. पण त्या दिवसाचं विचारलं तर ते रुग्णवाहिकेच्या खिडकीतून दिसलेलंच सांगतात: बाई ढसाढसा रडत होत्या, आणि त्यांच्यासमोरची रांग वीस-वीस सेकंदांनी पुढे सरकत होती.