मागच्या डाव्या चाकाचा आवाज

खंडेनवमीला राघवने गाडीची पूजा केली, आणि ती इतक्या मन लावून केली की गाडीच बिघडली.

जयेंद्रगंजातल्या त्या घरात राघवने दोन गोष्टींना हात लावायचा नाही, असा आबांचा हुकूम होता. एक आबांचं दाढीचं सामान, दुसरी आबांची अँबॅसडर. आबा म्हणजे राघवचे आजोबा शरच्चंद्र. वकिली सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, पण उलटतपासणी सुटली नव्हती. गाडी अडुसष्ट सालची, दुधी रंगाची, आणि घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त जपलेली. तिला फक्त दोन माणसांनी हात लावायचा, स्वतः आबांनी आणि सूर्याजी मिस्त्रींनी.

त्या सकाळी आबा गोरखी भागात एका शाळासोबत्याकडे गेले होते. आई स्वयंपाकात होती. "गाडीची पूजा तेवढी उरकून घे रे, पण तिची कळ काढू नकोस," असं तिने आतूनच ओरडून सांगितलं. तबक देवांपाशी, देव वरच्या मजल्यावर आणि राघव खाली. तेवढ्यासाठी बावीस पायऱ्या कोण चढणार? मागच्या डाव्या चाकाची चकचकीत व्हीलकॅप त्याने घासायला म्हणून उपसून काढली होतीच. उलटी केली की हुबेहूब तबक. तीत हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं आणि गणपती म्हणून एक सुपारी ठेवून त्याने पूजा केली. स्वतःच्या कल्पकतेवर तो खूश झाला. एवढ्यात फोन आला. फोन कान आणि खांद्याच्या मधे धरून त्याने फुलं उचलली आणि व्हीलकॅप चाकावर तळहाताने ठोकून बसवली. सुपारी कुठे गेली, हे बघायला त्याची मान मोकळी नव्हती.

दसऱ्याला दुपारी आबा सोनं द्यायला निघाले, राघव शेजारी. दाना ओली या गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती, गाडी हळू झाली आणि मागून आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्. चाकाच्या एका फेऱ्याला एक.

"बेअरिंग!" आबा म्हणाले. "गणपतीत नवीन टाकलं ना सूर्याजीरावांनी? महिना नाही झाला."

"काका कधी चुकत नाहीत, आबा."

"मग गाडी चुकली का?"

सूर्याजी मोहिते दाना ओलीतच राहत. त्यांचे पूर्वज मराठा फौजेबरोबर दक्षिणेतून भाले घेऊन इकडे उत्तरेत आले होते, पणजोबांनी घोडे सांभाळले, वडिलांनी एका सरदारांच्या मोटारी, आणि सूर्याजींनी लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड टाकली. तिथे पाटी नव्हती. लोक 'कानवाले मिस्त्री' विचारत येत. पन्नास वर्षांत त्यांनी एक नियम मोडला नव्हता, आधी सांगायचं, मग उघडायचं. गाडी आली की ते पाना हातात घेत नसत. तिच्यासोबत चालत, मागे बसत, डोळे मिटत. मग रोग सांगत. सांगून झाल्यावरच उघडत. "उघडून तर कोणीपण सांगेल," ते म्हणत. "उसमें क्या मिस्त्रीगिरी?"

पोरं शेडजवळ खेळायला जमत, त्यांत लहानपणी राघवही असायचा. काका त्याच्या कानाशी पान्याचं टोक धरून दुसरं टोक इंजिनाला टेकवत आणि विचारत, "काय म्हणतेय?" राघव म्हणायचा, "भूक लागलीय." काका म्हणत, "मग तुला समजतं."

तर त्या संध्याकाळी सूर्याजी घरी आले. आबांनी फाटकातूनच सुरुवात केली.

"सूर्याजीराव, तुमचं बेअरिंग बोलायला लागलं."

"बोलू द्या की वकीलसाहेब, आधी त्याचं म्हणणं तर ऐकू."

त्यांनी राघवला गाडी चालवायला बसवलं, तेही आबांना विचारून. स्वतः मागच्या चाकाच्या बाजूने, मडगार्डवर हात ठेवून, वाकून चालू लागले. सत्तरी उलटलेला माणूस, पण चाल गाडीच्या चालीत मिसळलेली.

"ब्रेकवर पाय ठेव, लल्ला. हलका." टक्. "फरक नाही. आता डावीकडे घे. आता उजवीकडे." टक्. टक्. "वळणावर पण तसाच." मग ते मागच्या सीटवर बसले. "चल, मोठ्या रस्त्यावर. स्पीड दे."

गाडीने वेग घेतला आणि आवाज बंद पडला. हळू केली, पुन्हा टक्.

"झालं," सूर्याजी म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी पुढे एक शब्द काढला नाही. हा त्यांचा तोरा होता. निकाल मालकासमोरच.

"बेअरिंग नाही, वकीलसाहेब. बेअरिंगचं दुखणं स्पीडबरोबर वाढतं. हे स्पीड आला की गप्प बसतं. व्हीलकॅपमधे काहीतरी लोळतंय. जोरात फिरलं की कडेला चिकटून राहतं, हळू झालं की वरून खाली पडतं."

"काय असेल?"

सूर्याजींनी डोळे मिटले. "लोखंड नाही. लोखंड टण् म्हणतं. हे टक् म्हणतंय. लाकूड आहे. नाहीतर कसलीतरी वाळकी बी."

आत्ता, या क्षणाला, सुपारी कुठे गेली ते राघवला कळलं.

"माझ्या गाडीत बी?" आबा हसले. "झाड लावताय का?"

"व्हीलकॅप कोणी काढली होती?" सूर्याजींनी विचारलं.

आबांनी राघवकडे बघितलं. ती वकिली नजर होती, तिच्यासमोर बिचारे साक्षीदार फुटत असत. राघव फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं.

"मी? छे. मैंने तो हाथ भी नहीं लगाया, आबा."

"चल, पैज," सूर्याजी त्याला डोळा मारून म्हणाले. "लाकूड निघालं तर थंडीत अर्धा किलो तिळाची गजक तुझ्याकडून. लोखंड निघालं तर माझ्याकडून."

"आधी चहा," आबा म्हणाले. "दसरा आहे. सोनं घ्या, मग उघडा."

दोघे आत गेले आणि राघव गाडीपाशी एकटा उरला.

त्याने स्क्रूड्रायव्हरने व्हीलकॅप उचकटली. सुपारी निघाली, कुंकवाने माखलेली. ती त्याने खिशात घातली आणि आतलं कुंकू नव्या कुर्त्याच्या टोकाने पुसलं. इथवर भीती होती. पुढचं जे सुचलं ती हुशारी होती, आणि तिचंच त्याला आजवर जास्त वाईट वाटतं. व्हीलकॅप रिकामी निघाली तर आबा म्हणतील, म्हाताऱ्याला भास होतात. मग काकांची इज्जत? आत काहीतरी निघायलाच हवं. फळीवर जुन्या नटबोल्टांचा डबा होता. त्याने त्यातला एक नट घेतला, आत टाकला आणि व्हीलकॅप ठोकून बसवली. आपली लबाडी झाकली, काकांचं म्हणणं राखलं, वर गजक. तीन कामं एका नटात. त्याला स्वतःचं जवळजवळ कौतुक वाटलं.

चहा पिऊन सूर्याजी मिशा पुसत आले. शेजारचे दोघेतिघे सोनं द्यायला आले होते, तेही थांबले. सूर्याजींनी नाटकातल्यासारखे हात झटकले आणि व्हीलकॅप काढली.

टण्.

नट फरशीवर पडला, गोल फिरला आणि आडवा झाला.

"लो! गजक!" राघव ओरडला. तो एकटाच ओरडला.

सूर्याजींनी नट उचलला. चाकाचे नट एकेक करून बोटांनी तपासले. सगळे जागेवर होते. त्यांनी हातातल्या नटाकडे परत बघितलं.

"लोखंड," ते म्हणाले.

"अहो, पण आतच होतं की!" आबा म्हणाले. "तुम्ही म्हणालात तसंच."

"या चाकाला शेवटचा हात माझा, वकीलसाहेब. बेअरिंग टाकलं तेव्हाचा. हा माझ्याच पेटीतला असणार." त्यांनी नट मुठीत घेतला. "नट आत विसरलो. आणि लोखंडाचा आवाज लाकडाचा ऐकला."

तेव्हा कुठे राघवला समजलं की त्याने काय केलं होतं. एका नटात त्याने या माणसाचा कानही खोटा पाडला होता आणि हातही.

"आज विसरलो," सूर्याजी म्हणाले, "उद्या आवळायचा विसरेन. चाक निघेल कुणाचं तरी."

"असू द्या हो." आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वय झालं. होतं असं."

आबा भांडले असते तर सूर्याजी भांडले असते. चाळीस वर्षं दोघे त्या गाडीवरून भांडतच आले होते. पण आबा मायेने बोलले, आणि सूर्याजींनी मान डोलावली. राघवने तोंड उघडलं.

"काय रे?" आबांनी विचारलं.

"काही नाही."

थंडी पडली, बाजारात गजक आली, आणि सूर्याजींच्या शेजारचा माणूस अर्धा किलोचा डबा घेऊन दारात उभा राहिला. डब्यावर सुतळीने एक किल्ली बांधलेली होती. अँबॅसडरची जादा किल्ली, चाळीस वर्षं ती लिंबाखालच्या शेडमधे खिळ्याला लटकत होती. आबा ती बराच वेळ हातात घेऊन बसले. फोन लावला, तर सूर्याजी म्हणाले, शेड रिकामी केली, पाने एका गॅरेजवाल्याला दिले, आता आराम. राघवने गजक खाल्ली नाही. "तिळाची ॲलर्जी झालीय," म्हणाला. आईने कुर्त्यावरच्या कुंकवाच्या डागावरून त्याला तीन वेळा बोलून घेतलं होतं, ती म्हणाली, "या मुलाचं रोज नवीन काहीतरी."

पुढे गाडीचे हाल झाले. कोणी क्लच घट्ट केला, कोणी कार्ब्युरेटर बिघडवला, आणि सगळे आधी उघडत, मग विचारत. "हे लोक तिला ऐकतच नाहीत," आबा म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती जयपूरच्या एका हॉटेलवाल्याला देऊन टाकली. आता लग्नातली जोडपी तिला टेकून फोटो काढतात. ती गेली त्या दिवशी आबा बाहेर आले नाहीत. राघवने फाटक उघडलं. ती हळू निघाली, मागून कसलाही आवाज आला नाही.

मग राघवला नोएडाला नोकरी लागली. सुपारी त्याच्या पाकिटात राहिली. दर सुट्टीत तो दाना ओलीत जायचं ठरवी, आणि दर सुट्टीत कोपऱ्यावर कचोरी खाऊन परत येई. शेवटी गेल्या चैत्रात गेला.

सूर्याजी ओट्यावर परातीत गहू निवडत होते. "अरे लल्ला! बस, बस." राघव बसला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. हिंदी, मराठी, जे तोंडाला आलं त्यात. सुपारी परातीच्या कडेवर ठेवली. कुंकू कधीच उडालं होतं.

सूर्याजी गहू निवडत राहिले. मग म्हणाले, "आतून एक वाटी आण."

राघवने स्टीलची वाटी आणली. त्यांनी सुपारी तिच्यात टाकली, वाटी कानाशी धरली आणि हळूहळू कलती केली. टक्. पुन्हा. टक्.

"लाकूड," ते म्हणाले.

"हो, काका."

"दीड वर्ष लावलंस रे." आवाज चढला नव्हता. "गॅस बंद केला की मी तीनदा बघून येतो. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. घरातले हसतात. पन्नास वर्षांत या हाताकडे मागे वळून बघितलं नव्हतं मी."

"आता तर कळलं ना, काका? आता परत..."

"कशाने? पाने दिले. गाडी गेली." त्यांनी गव्हातला एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. "आणि ही सवय लागली ती लागली. ती काय खरंखोटं विचारून जाते?"

राघवला वाटलं होतं, काका शिव्या देतील, मग मिठी मारतील. असं तो मनात अनेकदा रंगवून आला होता.

"वकीलसाहेबांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"भला माणूस आहेस! आधी त्यांच्याकडे जायचं सोडून इकडे आलास?"

तो उठला. ओट्याच्या पायरीवर असताना मागून आवाज आला.

"आणि लल्ला, पैज मी जिंकलो होतो. अर्धा किलो तुझी, आणि माझी घेतलीस ती परत. एक किलो झाली."

"आज आणतो, काका."

"चैत्रात गजक? नोएडाला जाऊन अक्कल पण ठेवून आलास. थंडीत आण."

त्याच दुपारी राघवने आबांना सांगितलं. उलटतपासणी झाली नाही. आबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "'वय झालं' असं मी म्हणालो होतो रे त्यांना," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन ई-रिक्षाने दाना ओलीत गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी घरी सांगितलं नाही. आता दर मंगळवारी जातात. दोघे ओट्यावर बसतात आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांबद्दल भांडतात, असं आई सांगते. सूर्याजी म्हणे रोग सांगतात, पण हळू आवाजात, आणि सांगून झाल्यावर 'बहुतेक' म्हणतात. पूर्वी हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता.

थंडी आली तेव्हा राघवच्या ऑफिसात काम निघालं. सुट्टी मिळाली ती संक्रांतीनंतर दोन दिवसांची, त्यातला एक रेल्वेचं तिकीट मिळवण्यात गेला, दुसरा तापात. त्याने ऑनलाइन मागवून पाठवायचं म्हटलं, पत्ताही भरला. मग सूर्याजींच्या दारात एका अनोळखी पोऱ्याच्या हातून डबा जाईल, हे डोळ्यांसमोर आलं. मागे एक डबा असाच दुसऱ्याच्या हातून आला होता. त्याने ऑर्डर रद्द केली.

मागच्या आठवड्यात आईचा फोन होता. "सूर्याजीकाका विचारत होते," ती म्हणाली, "दुकानांतून गजक जायला लागली का म्हणून. मी म्हटलं, मोसमाचे पंधरा दिवस आहेत अजून. ते का विचारत होते रे?"

"सहज असेल," राघव म्हणाला, आणि कॅलेंडरवर पुढचा शनिवार शोधू लागला.