वेड्या राजाचा मुकुट

आमच्या देवासमध्ये गणपतीतलं नाटक शाळेतल्या निवृत्त बाईच बसवतात. रस्त्याकडेला गाजरगवत दिसलं तरी स्कूटर थांबवून म्हणतात, "अरे, हे तर नाटकात चालेल!"

यंदा जुन्या इंग्रजी नाटकातल्या वेड्या राजासाठी मी दूर्वांचा मुकुट केला. पडदा उघडायच्या जरा आधी तो पाहून बाई उसळल्या. "दूर्वा गणपतीला रे! ह्याचं राज्य पडीक पडलंय, डोक्यावर तणच हवं!" हॉलमागे धावत जाऊन त्यांनी काटेरी गोखरू आणलं, स्वतः गुंफलं.

"बाई, चुभेल ना!" राजा कळवळला.

"चुभू दे!"

प्रयोगात त्याच्या कपाळावर रक्ताचा थेंब आला. तो वाक्य विसरला आणि नुसता हसत राहिला. विंगेत बाईंनी माझा दंड आवळला. "बघ, आता झाला वेडा!"

माझ्या बाहीवर त्यांच्या बोटांचं रक्त उमटलं होतं.